सोवळ्याचे निळे पिंप

मुलींच्या शाळेत सामान्य विज्ञान शिकवण्यात माझे नोकरीचे आयुष्य गेले. शिक्षा करण्याची वेळ फारशी आली नाही. आली तेव्हा मी एक नियम पाळला. शिक्षा अपराध करणारीलाच व्हावी, तिच्या शेजारी बसलेल्या मुलीला तिची झळही लागू नये. नव्याने आलेल्या शिक्षिका एकीच्या खोडीसाठी सगळा वर्ग उभा करीत, तेव्हा मी त्यांना सांगत असे की, याने फक्त तुमचा राग शांत होतो; जिने खोडी केली तिला काहीच कळत नाही. हा नियम निवृत्तीनंतर घरात वापरावा लागेल, आणि तोही माझ्याहून वयाने मोठ्या, ओसरीवर सुपारी कातरत बसणाऱ्या माणसावर, असे मला वाटले नव्हते.

ते माझे थोरले दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांनी माझ्या मांजरीला मरणाच्या दारात नेऊन ठेवले. मी त्यांना सोडले नाही, आणि आजही सोडलेले नाही.

आमचे घर क्रांती चौकापासून थोडे आत, एका अरुंद गल्लीत आहे. खाली भाऊजींचे बिऱ्हाड: ते, जाऊबाई, दोन मुलगे, सुना आणि सतत काहीतरी सांडणारी नातवंडे. वर आम्ही दोघे. सणावाराला चूल एक होते. घरात सगळे मला ‘बाई’ म्हणतात. मुले शाळेच्या सवयीने म्हणतात, जाऊबाई मायेने म्हणतात आणि भाऊजी टोमण्याने म्हणतात. मांजर खालची नव्हती आणि वरचीही नव्हती. ती जिन्याच्या वळणावर राहायची. तिथली फरशी गार असते आणि खिडकीतून गल्ली दिसते. रंगाने राखी, पोट पांढरे. मी निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात ती त्या वळणावर येऊन बसली, आणि मी तिथे वाटी ठेवायला सुरुवात केली.

या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे बाहेरच्या वाचकाला सांगावे लागते. प्रत्येक गल्लीचा आपला दिवस असतो, आणि त्या दिवसांमधले अंतर जलवाहिनीच्या मर्जीवर लांबते. नळ सुटला की घरातली सगळी माणसे कामाला लागतात. हौद भरतो, टाक्या भरतात, मग बादल्या, कळश्या, शेवटी मुलांच्या शाळेच्या बाटल्यासुद्धा. भाऊजींचे मात्र स्वतंत्र असे. ते आधी अंघोळ करून सोवळे नेसत, स्वतःची वेगळी हिरवी नळी लावत आणि एक निळे प्लास्टिकचे पिंप भरून घेत. त्या पाण्याने त्यांची अंघोळ, देवपूजा आणि सणाचा स्वयंपाक होई. पिंपाच्या तोंडावर ते पांढरा पंचा बांधत आणि त्याला एक विशिष्ट दुहेरी गाठ मारत. त्याला कोणी शिवायचे नाही. सुनांनी नाही, मुलांनी नाही, भांडी घासायला येणाऱ्या बाईने तर त्या बाजूने जायचेही नाही. ते पिंप मूळचे एखाद्या कारखान्यातले, रसायन भरून आलेले असणार. तसली निळी पिंपे आपल्याकडे तिथूनच येतात. मी हे एकदा नम्रपणे सांगितले होते. भाऊजी म्हणाले होते की, गंगेत काय काय वाहते ते तुम्हाला माहीत नाही.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी कुठेतरी जलवाहिनी फुटली आणि आमचा दिवस टळला. मराठवाड्यात ज्येष्ठा गौरींना आम्ही महालक्ष्म्या म्हणतो. पहिल्या दिवशी त्यांना वाजतगाजत घरात आणायचे, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या आणि आंबिलीचा नैवेद्य, तिसऱ्या दिवशी निरोप. उंबऱ्यापासून मखरापर्यंत हळदीकुंकवाची पावले काढायची असतात, म्हणून त्याआधी घर धुऊन काढावे लागते. घर धुवायला पाणी नव्हते. हौदाचा तळ दिसत होता. टँकरवाला सणाच्या गर्दीत फोन उचलत नव्हता आणि पिण्याच्या पाण्याचा एकच जार सगळ्या घराला पुरवायचा होता. शेजारी मागावे तर त्यांच्याकडेही हेच. भरलेले एकच होते, ते निळे पिंप.

महालक्ष्म्या येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी जिना उतरत होते. नाकात डांबरासारखा उग्र वास गेला. वळणावरची फरशी काळपट तेलकट झाली होती, आणि त्या तेलकटपणातून निघून चार पायांचे ठसे खालच्या ओसरीकडे गेले होते. पुसट, गोल, एकामागे एक. मी त्यांच्या मागे गेले. मांजर तुळशीवृंदावनाच्या मागे बसून आपले पंजे चाटत होती. मांजर स्वच्छ प्राणी आहे. अंगाला लागलेली घाण ती जिभेनेच काढते. तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि मागचे पाय थरथरत होते.

काळ्या फिनाइलची बाटली जिन्याखालीच होती. तिच्यावर सूचना छापलेली असते: बादलीभर पाण्यात टोपणभर. भाऊजींनी ते पाण्याशिवाय, बाटलीतून सरळ फरशीवर ओतले होते. मी विचारले. त्यांनी ते लपवलेही नाही.

“पाणी कुठंय? फिनाइल काय हवेत कालवू?” ते म्हणाले. आणि अडकित्ता मिटवत पुढे म्हणाले, “तिथं मुद्दाम जास्त टाकलं. लक्ष्मीच्या वाटेवर मांजर बसलेलं मला चालायचं नाही. वासानं जाईल कुठंतरी.”

पाण्याच्या टंचाईने माणूस काय काय वाचवू लागतो, याचे हे उदाहरण मी वर्गात दिले असते. पण त्या वेळी मी फक्त पिशवी आणि टॉवेल शोधला.

प्राण्यांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होती. तिने तोंड उघडून पाहिले. जीभ पोळली होती, कडेची कातडी पांढरी पडून सुटत होती. तिने समजावून सांगितले ते मी विद्यार्थिनीसारखे ऐकले. फिनाइलमधल्या द्रव्याचा निचरा मांजराचे यकृत करू शकत नाही. ते चाटण्यातून जाते तसे कातडीतूनही जाते. तिने सलाइन लावले, इंजेक्शने दिली, गळ्यात प्लास्टिकची कॉलर घातली. तिच्याही दवाखान्याची टाकी कोरडी होती. बाटलीच्या पाण्याने तिने चारही पंजे तेवढे धुतले. पोट आणि मागचे पाय तसेच राहिले होते. घरी नेऊन सौम्य साबणाने धुवा, कोमट पाण्याने, वास पूर्ण जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा, असे तिने बजावले. वास उरला म्हणजे विष उरले. आजच्या आज झाले नाही तर मी काही सांगू शकत नाही, हेही तिने मोकळेपणाने सांगितले.

तेव्हा प्रश्न साधा होता. मांजर जगायची तर मला पाणी हवे होते, आणि पाणी एकाच माणसाकडे होते.

मी भाऊजींकडे गेले. रीतीने गेले; पदर घेऊन, ओसरीच्या पायरीवर उभी राहून. म्हटले, “भाऊजी, पिंपातल्या दोन बादल्या द्या. नळ आला की मी पहिल्या धारेचं भरून देते.”

त्यांनी आधी माझ्या हातातल्या टॉवेलकडे पाहिले. त्यातून फक्त कॉलर दिसत होती.

“उद्या लक्ष्मी उंबऱ्यात येणार, आणि मी सोवळ्याचं पाणी मांजराला देऊ? बाई, असले प्रयोग शाळेत करायचे. चालली असेल तर जाऊ द्या. सणाच्या आत गेलेली बरी, सुतक तर नसतं तिचं.”

ओसरीवर बसलेला त्यांचा धाकटा मुलगा हसला. आमचे हे माझ्या मागे उभे होते. ते हळूच म्हणाले की, दादा मोठे आहेत, आपण दुसरीकडे बघू. मी त्यांना औषधांच्या दुकानात पाठवले. माणूस निरुपयोगी ठरत असला तर त्याला काम द्यावे, म्हणजे तो आड येत नाही.

त्या क्षणी मला जे वाटले ते मी रंगवून सांगणार नाही. मला त्यांना दुखवायचे होते. नीट, मोजून, आणि पुसता येणार नाही असे. पण माझा नियमही मला सोडत नव्हता. पिंप ओतून दिले असते तर जाऊबाईंचा सगळा सण कोलमडला असता. त्या पाण्यात काही घाण मिसळली असती तर घरातली मुले आजारी पडली असती. ओरडून भांडण केले असते तर पंगतीला येणाऱ्यांना तमाशा मिळाला असता, आणि भाऊजी मोठेपणाने गप्प बसून सहनशील ठरले असते. मला अशी शिक्षा हवी होती, जी त्या घरात फक्त एकाच माणसाला लागेल.

भाऊजी केवडा, आघाडा आणि कमळे आणायला क्रांती चौकाकडे गेले. जाताना सुनांना मखराच्या कामाला लावून गेले. मी मांजरीला घेऊन मागच्या न्हाणीत आले. पिंप तिथेच, कोपऱ्यात होते.

पुढचे मी ज्या क्रमाने केले त्याच क्रमाने सांगते. आधी दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाने स्वच्छ धुतले. त्यासाठी आमच्या वाट्याच्या पिण्याच्या पाण्यातला तांब्या वापरला. मग पंच्याची गाठ सोडली. घासलेल्या कोऱ्या पातेल्याने पाणी काढून बादलीत घेतले, आणि फिनाइलचा एक कणही पिंपाच्या जवळ जाऊ दिला नाही. म्हणजे आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने ते पाणी आधी होते तितकेच शुद्ध राहिले. सोवळ्याच्या दृष्टीने मात्र ते बुडाले, कारण मी पारोशी होते, माझ्या अंगावर रोजची साडी होती, आणि पदराला राखी केस चिकटलेले होते. हा फरक मला हवा तसाच होता. जी गोष्ट सगळ्यांची होती तिला मी धक्का लावला नाही. जी फक्त भाऊजींची होती ती मी मोडली.

मांजर धुणे हे एका माणसाचे काम नाही. ती अशक्त होती तरी साबणाचा हात पोटाला लागताच तिने अंग आवळले आणि कॉलर बादलीवर आपटली. त्या आवाजाने जाऊबाई आल्या. हातात चण्याची डाळ निवडायचे सूप. त्या पाचोडकडच्या, लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांच्या बोलण्यावर भाऊजी हसतात आणि त्या तसेच बोलत राहतात. त्यांनी आधी सुटलेली गाठ पाहिली, मग बादली, मग मला. त्यांनी सूप कोनाड्यात ठेवले, पदर खोचला आणि मांजरीचे पुढचे पाय धरले.

“पुरणाच्या डाळीपुरतं राहू द्या हं, बाई,” एवढेच त्या म्हणाल्या.

आम्ही धुतले, विसळले, वास घेतला, पुन्हा धुतले. पाणी आधी काळपट, मग राखी, मग साबणाचे पांढरे आले. शेवटी जाऊबाईंनी स्वतः तिच्या पोटाला नाक लावले आणि मान हलवली. मी तिला टॉवेलात गुंडाळले. तोवर जाऊबाईंनी पिंपाच्या तोंडावर पंचा ओढून गाठ मारली. ती हुबेहूब भाऊजींची दुहेरी गाठ होती. मी पाहत राहिले.

“इतकी वर्षं बघायले मी ती गाठ,” त्या म्हणाल्या, आणि सूप उचलून निघून गेल्या.

त्यानंतरचे दिवस घरात गर्दीचे होते आणि वर माझ्या खोलीत त्याहून वेगळे. खाली मुखवटे उजळले जात होते, साड्यांच्या निऱ्या बसत होत्या, कुणाला तरी कायम कात्री सापडत नव्हती. वर मी सिरिंजने भाताची पातळ पेज मांजरीच्या गालात थेंबथेंब सोडत होते. जिभेवरून नाही, गालाच्या कडेने. पोळलेल्या जिभेला स्पर्श झाला की ती तोंड मिटून घेई. पहिल्या दिवशी तिने ती थुंकली. महालक्ष्म्या आल्या तेव्हा सगळे घर ‘लक्ष्मी आली सोन्याच्या पावलांनी’ म्हणत त्याच जिन्याखालून गेले. मी दोन्ही हात जोडले. देवीशी माझे काही भांडण नव्हते. असते तर ते मी तिलाच सांगितले असते.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी त्या पाण्याने अंघोळ केली, त्याच पाण्याने पूजा केली. पिंपात हात खोल घालावा लागला तेव्हा ते जरा थबकले. पाणी कसे उतरले, असे त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून विचारले. जाऊबाई पुरण वाटत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “सोळा भाज्या काय हवेत शिजत्यात?”

मी वळून भिंतीवरचे कॅलेंडर वाचू लागले.

पंगतीला भाऊजींचे एक चुलतभाऊ होते. पैठणला राहतात, आचाराला कडक, परान्न घेत नाहीत. फक्त या घरी वर्षातून एकदा जेवतात. त्यांनी तीर्थ घेतले, डोळ्यांना लावले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की, असं सोवळं आता पंचक्रोशीत कुणाकडे राहिलं नाही. भाऊजींनी नम्रतेने मान खाली घातली. त्यांची ती मान मी नीट पाहून घेतली. मला घाई नव्हती.

तिसऱ्या दिवशी निरोप झाला, पाहुणे गेले. दुपारी भाऊजी ओसरीवर एकटे बसले होते. त्याच सकाळी मांजरीने पहिल्यांदा पेज गिळली होती आणि स्वतःच्या पायांनी जिना उतरली होती. मी तिच्या मागोमाग खाली आले. भाऊजी समाधानात होते. पाण्याचा थेंब नसताना यंदाही सोवळ्याला बट्टा लागू दिला नाही, असे ते मला सांगू लागले. मी त्यांचे वाक्य पूर्ण होऊ दिले.

मग म्हटले, “भाऊजी, तुम्ही केवडा आणायला गेलात तेव्हा मी पिंप उघडलं. पारोशा अंगानं उघडलं, पाणी काढलं आणि हिला अंघोळ घातली. राहिलेल्या पाण्यात तुम्ही अंघोळ केलीत, पूजा केलीत. तीर्थ त्याचंच होतं.”

“खोटं बोलता.”

“मी शाळेत शिकवलंय, भाऊजी.”

मांजर कॉलर फरशीला घासत त्यांच्या पाटाजवळ आली आणि बसली. तिच्या पोटाला साबणाचा वास अजून येत होता. त्यांनी तिच्याकडे पाहिले, मागच्या न्हाणीकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू कळत गेल्यासारखा बदलला. वर्गात गणिताची शेवटची पायरी सुटते तेव्हा मुलीचा चेहरा असा होतो. फक्त तिथे तो उजळतो.

“हे तुमच्या जाऊबाईंना माहीत आहे?”

“तुम्ही सगळ्यांना सांगणार असाल, तर सगळ्यांनाच कळेल,” मी म्हणाले.

ते सांगणार नव्हते, हे मी आधीच ताडले होते. सांगायचे म्हणजे पैठणच्या भावाला सांगायचे, की तुम्ही डोळ्यांना लावलेले तीर्थ मांजरीच्या अंघोळीतून उरलेले होते. सगळ्या घराचा नैवेद्य बाटला असे जाहीर करायचे. आणि मग कोणीतरी विचारणारच, की मांजरीला अंघोळ घालायची वेळ का आली. प्रत्येक वाट त्या जिन्याच्या वळणावर येत होती, जिथे त्यांनी बाटली ओतली होती. घरात ही गोष्ट फक्त आपल्याला आणि बाईंना ठाऊक आहे, असे त्यांना वाटत होते. ते मी वाटू दिले. बायकोला कळू नये म्हणून ते जपू लागले, आणि बायको रोज त्यांना ताट वाढत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोट बरे नाही म्हणून जेवायचे टाळले. जाऊबाईंनी ओव्याचे पाणी नेऊन दिले. मला माहीत होते की पोटाला काही झालेले नाही; ते गुपचूप प्रायश्चित्त करीत होते. मी वर खिडकीत बसून मांजरीला पेज पाजली, आणि सांगायला हरकत नाही, मला फार चांगली भूक लागली.

मांजर वाचली. जिभेची कड मात्र झडून गेली. तिला खाता येते, पाणी पिताना अर्धे सांडते, आणि आपली पाठ तिला चाटता येत नाही. रोज सकाळी मी ओल्या फडक्याने तिची पाठ पुसते. ती मान वळवते, जिभेचा तुकडा बाहेर काढते, पाठीपर्यंत पोचत नाही हे तिला दर वेळी नव्याने कळते, आणि ती माझ्याकडे बघते. ज्यांना मी जास्त ताणले असे वाटेल, त्यांनी एकदा ही नजर पाहावी.

निळे पिंप अजून आहे. पंचा गेला. नळ सुटला की आता कोणीही त्यातून पाणी घेते, भांडी घासणारी बाईसुद्धा, आणि भाऊजी दुसरीकडे बघतात. सोवळ्याविषयी त्यांनी माझ्यासमोर परत शब्द काढलेला नाही. पैठणचे भाऊ मागच्या सणाला तीच स्तुती परत करून गेले. भाऊजींनी तेव्हा माझ्याकडे पाहिले. मी तीर्थ घेत होते.

जिना ते स्वतःच पुसतात. मी तसे एकदाच सांगितले होते, जाऊबाई आणि सुना समोर असताना, अगदी साधेपणाने: फिनाइलचे प्रमाण भाऊजींना आता चांगले कळते. तेव्हापासून दर खेपेला ते बादली भरतात, टोपण मोजून ओततात, ढवळतात आणि मला हाक मारतात. मी खाली येते. बादलीत वाकून वास घेते.

“आता बरोबर आहे ना, बाई?” त्यांनी परवाही विचारले. आवाजात टोमणा नव्हता.

मांजर वरच्या पायरीवर बसली होती. तिने मान वळवली, पाठीकडे जीभ नेली आणि मध्येच थांबली. मी तिच्याकडे पाहिले.

“ओतून द्या,” मी म्हणाले. “पुन्हा करा.”